पाणी शिरले, तांडेल!

हल्ली नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, आमच्या कळंब-निर्मळच्या बाजूला, एखाद्या गृहस्थाला "चिरंजीव काय करतात?" असे विचारावे, तर पुष्कळदा "सॉफ्टवेअरमध्ये आहे!" असे उत्तर मोठ्या अभिमानाने येते. पण त्या अभिमानामागून एक सुस्काराही येतो. "सकाळी जातो तो रात्री अकराला उगवतो. सुटीच्या दिवशीही मांडीवर ते यंत्र असतेच! काय चाललंय म्हणून विचारावं, तर म्हणतो, 'आई, तुला नाही कळायचं.'"

वाचकहो, मी मराठीचा अध्यापक. संगणकाच्या पोटात काय चालते, ते मलाही फारसे कळत नाही. परंतु माझे काही जुने विद्यार्थी आता त्या धंद्यात दहा-बारा माणसांची तुकडी सांभाळू लागले आहेत. त्यांच्याशी बोलताना ध्यानात येते की, त्यांची खरी अडचण यंत्राची नसून माणसांची आहे. वरिष्ठ बजावतात, "मंडळींचा उत्साह वाढवा, दृष्टी आशावादी ठेवा." हे ठीक आहे, पण उत्साह वाढवायचा म्हणजे करायचे तरी काय? वाढदिवसाला केक कापायचा?

या प्रश्नाचे थोडे उत्तर आपल्या पुण्यातच सापडते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तेवढा शक्तिशाली महासंगणक द्यायचे नाकारले. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची युक्ती मोठी मौजेची होती. एकच अवाढव्य यंत्र घडवण्याऐवजी पुष्कळशी लहान यंत्रे एकमेकांना जोडायची आणि एका मोठ्या गणिताचे तुकडे पाडून ते त्यांच्यात वाटून द्यायचे! मात्र वाटणी नीट झाली नाही, तर एक यंत्र राब राब राबते आणि बाकीची त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतात.

माणसांचेही असेच आहे. काय करायचे, का करायचे आणि त्यातला आपला तुकडा कोणता, एवढे स्वच्छ कळले की मनुष्य आपण होऊन कामाला लागतो. त्याला भाषणाची गरज उरत नाही.

पण काम मागे पडले, तर? घाबरलेला व्यवस्थापक आणखी चार माणसे मागवतो. आयबीएम कंपनीत एका प्रचंड संगणक-प्रणालीचे काम पाहिलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात दाखवून दिले की, उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली तर उशीर वाढतोच. ऐन पंगतीत नवे वाढपी आले, तर मठ्ठा कुठे आणि मीठ कुठे हे त्यांना दाखवण्यात जुन्यांचेही हात अडकतात, तसेच हे. शिवाय तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीनच होतात. दहा माणसांत त्या पंचेचाळीस होतात आणि वीस माणसांत एकशे नव्वद! मग बोलण्यातच दिवस संपतो.

तेव्हा उपाय एकच. उशीर होणार, हे आधी कळले पाहिजे. आणि नेमके हेच कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यावरच वरिष्ठ खेकसतात!

आमच्या किनाऱ्यावर होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. होडीत पाणी शिरू लागले, तर ते प्रथम दिसते तळाशी बसलेल्या धाकट्या खलाशाला. सुकाणूवरच्या तांडेलाला नव्हे. "पाणी शिरले, तांडेल!" असे ओरडायला तो पोरगा भ्याला, तर होडीचे काय होईल, हे सांगायला नको.

अ‍ॅमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० नंतरच्या दशकात इस्पितळांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला. चांगल्या तुकडीत औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पाहतात तो उलटेच! चांगल्या तुकड्यांतच नोंदलेल्या चुका अधिक. शोध घेता उलगडा झाला: तिथल्या परिचारिका अधिक चुकत नव्हत्या, अधिक मोकळेपणाने सांगत होत्या. दुसरीकडे चुका होत होत्या, पण लपत होत्या.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: बाबांनो, आशावाद म्हणजे "सारे छान चालले आहे" असा जप नव्हे. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी बसायला सांगा. "कोणी केले?" हे नंतर, "कसे झाले, आता काय करता येईल?" हे आधी विचारा. "आपल्याला यातून वाट काढता येईल" हा विश्वास म्हणजे आशावाद. आणि वाट काढायची तर खड्डा दिसला पाहिजे.

आणि आई-बाबांनो, थोडे आपल्याकडेही येते बरे का! कमी गुणांचे प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवणारे मूलच पुढे कचेरीत बिघाड दडवते. त्याला ते दडवावेसे का वाटले, याचा विचार घरानेच करायचा आहे. यंदा फराळाच्या ताटावर लेक किंवा लेकी भेटल्या, तर "पगार किती वाढला?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. "सध्या कुठे अडलंय रे?" एवढेच विचारा आणि उपदेश न करता पाच मिनिटे ऐका. कदाचित "तुला नाही कळायचं" हे उत्तर या वेळी यायचे नाही.