रिमला पोचा, हवा टिकेना : दुरुस्ती कोठपर्यंत करावी?

पावसाळ्यात खड्ड्यात आदळलेल्या मोटारसायकली पंक्चरच्या दुकानात येऊ लागतात. तक्रार ठरलेली असते : "सकाळी हवा भरली, संध्याकाळी चाक बसले, पंक्चर मात्र सापडत नाही." आपल्या समाजातील अनेक तरुणांची रोजी टायर-ट्यूबच्या कामावर आहे. पंक्चरला पैसे थोडे, रिम सरळ करण्याला जास्त. म्हणून पुष्कळ कारागीर या कामाकडे वळतात. काम जरूर करावे, पण बिघडलेले पंक्चर घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येते, चुकीची सरळ केलेली रिम त्याला रस्त्यावर पाडते.

ट्यूबलेस टायरची कड रिमच्या काठाला दाबून बसते आणि तीच हवा अडवते. काठाला पोचा आला की तेथे फट राहते. तरीही पोचा दिसताच हातोडा उचलू नये. चाकात पुरेशी हवा भरून साबणाचे पाणी रिमच्या दोन्ही काठांना, व्हॉल्व्हच्या तोंडाला, त्याच्या रबरी बुडाला आणि रिमच्या आतल्या अंगाला लावावे. बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करावी. पोचा एकीकडे आणि गळती दुसरीकडे, असेही पुष्कळदा निघते. व्हॉल्व्हचे रबर तडकले असेल तर काम थोडक्यात भागते. काठावर अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी धरली असेल तर टायर उतरवून काठ घासून साफ करावा. बुडबुडे रिमच्या धातूतूनच येत असतील तर चीर आहे असे समजावे आणि ती रिम बाजूला ठेवावी.

स्पोकच्या लोखंडी रिमचे काम त्यामानाने सोपे. तिच्यात बहुधा ट्यूब असते. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर ती खड्ड्यात टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली आहे. पोच्यामागे लाकडी ठोकळा धरून ठोकावे, मग स्पोक सैल-घट्ट करून आऊट काढावा. अनेक कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका 2 मिलिमीटरपर्यंतचाच आऊट चालवून घेतात.

खरी अडचण मॅकव्हीलची आहे. हे चाक बहुतेक वेळा ओतीव अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे असते. लोखंड तापले की लाल होते, रंग पाहून कारागीर हात आवरतो. अ‍ॅल्युमिनियम असा इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, मिश्रधातू त्याआधीच ढिला पडतो, आणि तोवर रंग चांदीसारखाच राहतो. शिवाय अशा पुष्कळ चाकांना कारखान्यात उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. गॅसची ज्योत धरली की ती बळकटी जाते. चाक दिसायला गोल, आतून नरम. थंडच ठोकले तर ओतीव धातू तडकण्याची भीती. म्हणूनच कंपन्या सर्वसाधारणपणे असे चाक बदलायलाच सांगतात.

आमच्या मते काठावरचा लहान पोचा, आऱ्यापासून दूर आणि चीर नसलेला, एवढेच काम घ्यावे. तेही दाब देणारे यंत्र आणि उष्णता मोजण्याची सोय असेल तरच. आऱ्याजवळचा पोचा, वेल्डिंग केलेली रिम आणि शंका असलेले पुढचे चाक सरळ नाकारावे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. त्या चाकावर डिस्कजवळ दातेरी किंवा भोकांची कडी असते. डिस्क व कडी काढल्याशिवाय चाक ठोकायला घेतले तर दोन्ही वाकतात.

चीर शोधण्याची जुनी, स्वस्त रीत रॉकेल-खडूची आहे. जागा साफ करून बाहेरून खडूचे पाणी लावून वाळू द्यावे आणि आतून रॉकेल पुसावे. आरपार चीर असेल तर काही वेळाने खडूवर ओली रेघ उमटते. नंतर रॉकेल पूर्ण पुसून काढावे, ते टायरच्या रबराला वाईट. बारीक, आरपार न गेलेली चीर मात्र या रीतीने कळत नाही. तिच्यासाठी लाल रंग आणि पांढरी पूड वापरणारी डाय-पेनिट्रंट तपासणी आहे.

"उस्ताद, ट्यूब टाकून द्या," असे गिऱ्हाईक म्हणतेच. ट्यूबने गळती थांबते, चीर तशीच राहते. वर खिळा शिरला की ट्यूबमधली हवा व्हॉल्व्हच्या भोकातून झटकन निघून जाते, ट्यूबलेससारखी हळूहळू नाही. पर्याय नसेल तर घरापर्यंत जाण्यापुरती ट्यूब टाकावी आणि तसे तोंडी न सांगता पावतीवर लिहावे : "रिम बदलण्यास सांगितले आहे." दुरुस्तीची सेवाही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली येते, तेव्हा पावतीची एक प्रत दुकानात ठेवावी.

नवी रिम परवडत नाही म्हणून कुर्ल्याच्या किंवा गावातल्या भंगार बाजारातून जुनी आणायची असेल तर रंगावर जाऊ नये. ताजा रंग असेल तर काठाच्या आतल्या बाजूने तो खरवडून पाहावा. तेथे वेल्डिंगचा उंचवटा किंवा कानशीचे ओरखडे दिसले तर भाव कितीही कमी असो, ती रिम घेऊ नये.