रायपूरची फुलपाखरी बाग (भाग ६) : कळलावी

आतापर्यंतच्या पाच भागांत आपण लावलेली झाडं मधमाश्यांच्या सोयीची होती. कळलावी तशी नाही. तिचं फूल खाली मान घालून लटकतं आणि नागमोडी कडांच्या सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले; स्त्रीकेसराची दांडी तर बुडाशीच काटकोनात वळून एका अंगाला बाहेर निघालेली. मध मात्र पाकळ्यांच्या बुडाशी. छोटी माशी मधापर्यंत जाऊन येते, तरी पुंकेसरांना तिचा धक्काही लागत नाही. मोठं फुलपाखरू मध पिताना पंख हलवतं, तेव्हा पराग पंखांना लागतात आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर उतरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी २०२० साली हे पंखांवरचं दळणवळण शास्त्रीय निबंधात मांडलं.

तामिळनाडूचं हे राज्यफूल. तिथे बियांसाठी कळलावीची शेती होते, कारण गाऊटवर दिलं जाणारं कोल्चिसिन त्या बियांतून निघतं. पण शेतातल्या एवढ्या फुलांना पुरतील इतकी फुलपाखरं आणायची कुठून? म्हणून माणसं एकेका फुलाला हाताने पराग लावत फिरतात. तुमच्या वेलीला आपसूक बोंडं धरली, तर फुलपाखरांची ये-जा सुरू झाली असं खुशाल समजा. मला तरी ही परीक्षा फुलपाखरं मोजत बसण्यापेक्षा भरवशाची वाटते.

आता लागवड. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावं देतो. यातली काळी कन्हार कळलावीला मारक, कारण पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. भाट्याची लाल मुरमाड माती उत्तम. अंगणात कन्हारच असेल तर वीतभर उंच वाफा करून त्यात मुरूम आणि घुरुव्यातलं, म्हणजे खतखड्ड्यातलं, जुनं कुजलेलं खत मिसळा.

कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन फाट्यांचा. कोंब फाट्याच्या टोकालाच येतो; टोक मोडलं की तो फाटा फुकट. म्हणून कंद आडवा ठेवून वर तीन बोटं माती घाला, दाबू नका. पहिला दमदार पाऊस झाला की लावावा. बियांपासूनही रोप होतं, पण फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. कंद रोपवाटिकेतूनच घ्या. औषधासाठी उकरून उकरून रानातली कळलावी आधीच विरळ झाली आहे.

वेल चढते ती पानांच्या टोकांनी. टोक लांबून त्याचा ताणा होतो, आणि तो जाड बांबूला कवळू शकत नाही. काटक्या रोवा, नाहीतर मेंदीच्या कुंपणातून वर येऊ द्या. हरेलीला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अमावस्येला, वेल चांगली वाढीला लागलेली असते, श्रावण-भाद्रपदात फुलते. फूल पिवळं-हिरवट उमलतं आणि दिवसागणिक लाल होत जातं.

पाऊस सरला की वेल वाळते. इथेच बहुतेकांच्या हातून कंद जातो. जागा रिकामी दिसते म्हणून कोणी तिथे शेवंती लावतं, नाहीतर नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, उन्हात दया येऊन पाणी घालतं. कंद झोपलेला असतो, त्याला कोरडी माती हवी. खूण म्हणून एक काठी ठोकून ठेवा आणि मृगापर्यंत तिकडे फिरकू नका.

एक सक्त सूचना. कळलावी मुळापासून बीपर्यंत विषारी आहे आणि कंद सर्वांत घातक. रताळं किंवा कांदा समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. घरात रांगतं मूल, किंवा अंगणात येणारी गाय-शेळी असेल, तर हा भाग सोडून द्या. कंद हाताळताना हातमोजे घाला.

हे विष पचवणाराही एक जीव आहे. लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या काळ्या, लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या पानं फस्त करतात. फवारणी करू नका, त्याने फुलपाखरंही जातील. अळ्या वेचून थोड्या कमी केल्या तरी पुरे. पानं अगदीच संपली, तर पुढच्या वर्षीचा कंद बारीक राहतो.

पुढच्या आठवड्यात रुई.