साऊथ पॅसिफिकची ग्रामपंचायत

निवडणुकांचं वेड आहे? मग ‘नेशनस्टेट्स’ खेळून बघाच. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी २००२ मध्ये हा ब्राउझर गेम काढला. कादंबरी किती जणांनी वाचली कोण जाणे, खेळ मात्र अजून जोरात चालू आहे! आपण एक देश काढायचा, समोर येणाऱ्या पेचांवर निर्णय घ्यायचे. पण खरी गंमत देशापेक्षा ‘रीजन’मध्ये, म्हणजे देशांच्या गटात.

साऊथ पॅसिफिक हे असंच एक मोठं रीजन. त्यांची स्वतःची लिखित सनद आहे, पंतप्रधान आहे, मंत्रिमंडळ आहे आणि शिवाय लोकल कौन्सिलही होती. तिला मी ग्रामपंचायतच म्हणतो. खेळाबाहेर, रीजनच्या फोरमवरच्या असेंब्लीत कायद्यांचा कीस पाडणारे वेगळे; रीजनच्या पानावर रोज गप्पा मारणाऱ्या रहिवाशांच्या वतीने बोलायची ती ही कौन्सिल.

इथे निवडणुकाही होतात, पण एका खेळाडूला हवे तितके देश काढता येतात. मग बोगस मतदान? त्यावर उतारा आहे: वर्ल्ड असेंब्लीत, म्हणजे खेळातल्या संयुक्त राष्ट्रसंघात, प्रत्येकाचा एकच देश चालतो. दुसरा घुसवताना सापडलात की हकालपट्टी.

आणि माझा आवडता भाग. ही सनद, या निवडणुका सगळं खेळाडूंनी रचलेलं; सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नाही. ते फक्त ‘एंडोर्समेंट’, म्हणजे वर्ल्ड असेंब्लीतल्या देशांनी एकमेकांना दिलेला पाठिंबा, मोजतं. ज्याच्याकडे त्या सर्वाधिक, तो डेलिगेट, आणि इतरांना रीजनबाहेर काढायचं बटण त्याच्या हाती. त्यामुळे एखादा डेलिगेट खुर्चीला चिकटला की थेट बंड! साऊथ पॅसिफिकने तेही पाहिलंय.