पायांवरच्या निळ्या शिरा : उपचार निवडताना

दिवाळीच्या हंगामात कापडाच्या दुकानाचे शटर सकाळी नऊला उघडते आणि रात्री दहापर्यंत खाली येत नाही. गादीवर बसून व्यवहार करण्याचे दिवस बऱ्याच पेढ्यांवर मागे पडले. आता काउंटरमागे उभे राहूनच ठाण उलगडावे लागतात. त्याच वेळी घरातील गृहिणी नवकारशीच्या न्याहारीपासून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणापर्यंत ओट्यापाशी उभी असते. दुकानदाराच्या पोटरीवर शिरा फुगलेल्या दिसल्या की घरात चर्चा सुरू होते. गृहिणीच्या पायांवरील शिरा मात्र साडीच्या निऱ्यांखाली वर्षानुवर्षे झाकलेल्या राहतात. वास्तविक गरोदरपणात हा विकार अनेकदा प्रथम डोके वर काढतो आणि प्रत्येक बाळंतपणानंतर बळावण्याची शक्यता असते.

या विकाराला शास्त्रीय मराठीत ‘अपस्फीत नीला’ म्हणतात, तर बोलण्यात ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हाच शब्द रुळला आहे. पायांतील अशुद्ध रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर हृदयाकडे न्यावे लागते. हे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि वर चढलेले रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. चालताना पोटरीचा हा पंप चालू असतो. नुसते उभे राहिल्यास तो थांबतो. त्यातच झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, त्वचेलगतच्या नीला फुगून वेड्यावाकड्या होतात, संध्याकाळी पाय जड पडतात, घोटा सुजतो आणि रात्री पोटरीत गोळे येतात. पुढे घोट्याजवळची त्वचा काळवंडते, खाज सुटते आणि अखेरीस तेथे न भरणारी जखम होते.

येथे अनेक कुटुंबांची गल्लत होते. कोणी शेजाऱ्याने लेसर केले म्हणून लेसरचा आग्रह धरतो, कोणी मोज्यांवरच भागवू म्हणतो, तर कोणी तेलाच्या मालिशीवर विसंबतो. परंतु उपचाराची निवड यंत्राच्या नावावरून होत नाही. ती ठरते कोणती झडप निकामी आहे यावरून. म्हणून पहिली पायरी म्हणजे पायांची कलर डॉपलर सोनोग्राफी. ती रुग्णाला उभे करून, झडपांतून रक्त मागे येते काय हे पाहून केलेली असावी. खोल नीलांमध्ये गुठळी नाही ना, हेही तीत पाहिले जाते. या तपासणीशिवाय कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर थोडे थांबणे शहाणपणाचे.

तपासणीनंतर चार-पाच मार्ग समोर येतात.

दाब देणारे मोजे हा त्यांतला सर्वांत साधा मार्ग. सकाळी सूज येण्यापूर्वीच ते चढवावेत. मोज्यांनी सूज व जडपणा कमी होतो, मात्र निकामी झडप दुरुस्त होत नाही. गरोदर स्त्रियांसाठी आणि ज्यांना इतर उपचार मानवणार नाहीत त्यांच्यासाठी ते उपयुक्त आहेत. मधुमेही आणि वृद्ध रुग्णांनी पायांच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाह तपासून घेतल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत.

दुसरा मार्ग उष्णतेने नीला आतून बंद करण्याचा. लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी या त्याच्या दोन पद्धती. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत एक बारीक तार नीलेत सरकवली जाते आणि भोवती बधिर करणारे द्रावण भरून नीला उष्णतेने मिटवली जाते. मोठी चीर घ्यावी लागत नाही आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालू लागतो. नीला बंद केली तर रक्त कोठून जाणार, ही शंका साहजिक आहे. परंतु पायातील बहुतांश रक्त खोल नीलांतूनच वर जाते. बिघडलेली वरची नीला मिटल्याने नुकसान होत नाही.

तिसरा मार्ग फेसाच्या इंजेक्शनचा. औषधाचा फेस करून तो नीलेत सोडतात. हा खर्चाने हलका आणि वाकड्यातिकड्या नीलांसाठी सोयीचा आहे. मात्र तो पुन्हा करावा लागण्याची शक्यता अधिक असते आणि त्वचेवर काही काळ तपकिरी डाग राहू शकतात. चौथा मार्ग वैद्यकीय गोंदाचा. यात उष्णता नसल्याने बधिर करण्यासाठी सुया कमी टोचाव्या लागतात, पण खर्च जास्त येतो आणि काहींना गोंदाची ॲलर्जी होऊ शकते. पाचवी जुनी शस्त्रक्रिया. जांघेत नीला बांधून ती काढून टाकतात. भूल द्यावी लागते आणि विश्रांतीही अधिक लागते. तरीही योग्य रुग्णात तिचा गुण आजही टिकाऊ आहे.

ब्रिटनमध्ये 2013 साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जी मार्गदर्शिका दिली, तिच्यात क्रम असा आहे : प्रथम उष्णतेचे उपचार, ते शक्य नसल्यास फेस, आणि तोही शक्य नसल्यास शस्त्रक्रिया. तेथेच 798 रुग्णांवर लेसर, फेस आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. लेसर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान फेस घेतलेल्यांपेक्षा चांगले आढळले. कोणत्याही मार्गाने गेले तरी विकार पुन्हा उद्भवू शकतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

मात्र सर्वांत महाग पडतो तो विलंब. घोट्याजवळ जखम झालेल्या 450 रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष 2018 साली आले. दोन्ही गटांना दाबपट्ट्या दिल्या होत्या. लवकर नीला बंद केलेल्यांची जखम भरण्याचा मध्यम काळ 56 दिवस, तर उपचार पुढे ढकललेल्यांचा 82 दिवस होता. हंगाम संपू दे, लग्न होऊन जाऊ दे, असे म्हणणाऱ्या घरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

अहिंसेचे पालन करणाऱ्या कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. गुठळी होण्याचा धोका असलेल्या रुग्णाला उपचारानंतर रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन दिले जाते. हेपॅरिन आणि त्याच जातीची अनेक इंजेक्शने डुकराच्या आतड्यापासून तयार होतात. फोंडापॅरिनक्स हे संपूर्ण कृत्रिम औषध पर्याय म्हणून उपलब्ध आहे, मात्र मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास ते देता येत नाही. ही चौकशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, पहिल्या भेटीतच करावी. म्हणजे डॉक्टरांना विचार करण्यास अवधी मिळतो आणि ऐनवेळी श्रद्धा व प्रकृती यांच्यात ओढाताण होत नाही. औषधांच्या बहुतेक कॅप्सूलचे वेष्टन प्राणिजन्य जिलेटिनचे असते. गोळीचा पर्याय मागता येतो.

तपश्चर्येचाही विचार आधीच करावा. शरीरातील पाणी कमी झाले की गुठळीचा धोका वाढतो. म्हणून उपचारानंतरच्या दिवसांत निर्जल उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पर्युषणाच्या तोंडावर तारीख घेण्यापेक्षा ती थोडी आधी किंवा नंतर घेतलेली बरी. गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतील काय, हेही तेव्हाच विचारावे. आरोग्य विम्याच्या अनेक पॉलिसींत या विकारासाठी प्रतीक्षा काळ असतो, तो कलम वाचून पाहावा.

काही लक्षणे मात्र थांबण्याची नाहीत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर आडवे होऊन पाय वर करावा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि डॉक्टरांकडे जावे.

उपचार झाल्यावरही काउंटर आणि ओटा तेच राहतात. तासाभराने चार पावले चालणे, टाचा उचलून पोटऱ्यांना काम देणे आणि दुपारी पाय थोडे उंच ठेवणे एवढे पथ्य दुकानातही पाळता येते. ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवले, तर भाजी बसून निवडता येते.

घरात डॉपलरचा अहवाल वाचला जातो, तेव्हा बहुधा मुलगा विचारतो, वडील ठरवतात आणि ज्या बाईच्या पायांचा तो अहवाल असतो ती चहा ठेवायला आत जाते. तिला बाहेर बोलावून खुर्चीवर बसवावे आणि रात्री किती वेळा जाग येते, हे तिलाच विचारावे. उपचाराची खरी निवड तिच्या उत्तरापासून सुरू होते.