चित्रफितीस स्थळाची जोड

चित्रफीत पाहताना 'हे स्थळ कोणते?' असा प्रश्न आपणांस पुष्कळदा पडतो. त्याचे उत्तर चित्रफितीतच साठवून ठेवता येते. ते कसे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगू.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह वेळेचे संदेश सतत धाडीत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ग्राहकयंत्र आपले अक्षांश, रेखांश व उंची गणिताने काढते. २०१६ साली आलेल्या 'गोप्रो हीरो ५ ब्लॅक' या कॅमेऱ्यात असे यंत्र आतच बसविलेले होते. त्याच्या फाइलमध्ये चित्र व ध्वनी यांच्या जोडीला स्थळनोंदींचा एक स्वतंत्र पदर असतो. पडद्यावर तो दिसत नाही. मात्र योग्य सॉफ्टवेअरने वाचता येतो.

कॅमेऱ्यात ही सोय नसेल, तर मोबाइलवर मार्गाची जीपीएक्स फाइल नोंदवावी व मागाहून दोहोंची वेळ जुळवावी. येथे घड्याळ अचूक हवे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार मिनिटाला एक किलोमीटर जाते. म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ एकच मिनिट चुकले, तर रस्त्यावरील खड्डा नकाशात एक किलोमीटर दूर उमटेल, आणि दुरुस्तीस गेलेली माणसे भलत्याच ठिकाणी तो शोधीत राहतील!

विद्यार्थिमित्रहो, आणखी एक सावधगिरी बाळगावी. घरी घेतलेल्या चित्रफितीत घराचा ठावठिकाणाही दडलेला असू शकतो. ती परक्याच्या हाती देण्यापूर्वी स्थळनोंद काढून टाकावी. यंत्र स्थळ सांगते. ते कोणास कळू द्यावे, हे मात्र आपणच ठरवावयाचे असते.