अँटिबायोटिकचा दुसरा परिणाम

ताप-खोकला दोन दिवसांत हटला नाही, की अनेक घरांत मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी येते. हे औषध जंतूंना मारतं, एवढंच आपल्याला माहीत असतं. आपल्याच पांढऱ्या पेशींच्या कामावरही त्याचा परिणाम होतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याचा ठळक पुरावा जपानमध्ये मिळाला. ‘डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस’ या बारीक श्वासनलिकांच्या आजाराने तिथे अनेकांचा बळी जात असे. १९८०च्या दशकात डॉ. शोजी कुदोह यांनी रुग्णांना एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कमी मात्रेत, महिनोन्‌महिने दिलं. पाच वर्षांहून अधिक जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं. अनेकांच्या कफात स्यूडोमोनास जिवाणू होता आणि तो तर या औषधाला दाद देत नाही. मग गुण आला कसा?

उत्तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे बोट दाखवत होतं. संसर्ग झाला की त्या फुफ्फुसांत धावतात. पण गर्दी हटली नाही, तर त्यांचीच विकरं निरोगी ऊतीही कुरतडतात. त्यांना बोलावणारा एक रासायनिक संदेश म्हणजे इंटरल्यूकिन-८. एरिथ्रोमायसिनमुळे तो संदेश क्षीण होतो आणि गर्दी ओसरते. त्याच कुळातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन तर पांढऱ्या पेशींच्या आत रक्तद्रवापेक्षा शेकडो पट साठतं. डॉक्सिसायक्लिन या आणखी एका अँटिबायोटिकचाही असा दुसरा परिणाम आहे: जिवाणू मरणार नाहीत इतक्या कमी, २० मिलिग्रॅमच्या मात्रेत ते हिरड्या पोखरणाऱ्या विकरांना आवर घालतं.

पण पेशींना आवरणं नेहमीच हिताचं नसतं. फ्रान्समध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मूलपेशी प्रत्यारोपण झालेल्यांना फुफ्फुसं जपण्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं गेलं. कर्करोग उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात वाढलेलं दिसलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा वापराविरुद्ध इशारा दिला. कोविडमध्येही दाह शमेल या आशेने हे औषध वापरलं गेलं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

म्हणून विषाणूजन्य तापात ‘एक गोळी घेतली तर काय बिघडतं?’ हा विचार सोडायला हवा. त्या गोळीने विषाणू मरत नाही, औषधांना न जुमानणारे जिवाणू मात्र पोसले जातात, आणि शरीराच्या संरक्षक पेशींमध्ये विनाकारण ढवळाढवळ होते. जिवाणूसंसर्ग असेल तेव्हा हीच औषधं जीव वाचवतात. तेव्हा ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्यावीत. पट्टी विकत घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं, की मला झालेला संसर्ग जिवाणूंचा आहे का?