बोरघाट : बैलाच्या पाठीवरून चाकांवर

कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांमध्ये बोरघाट फार जुना. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्याच्या माथ्यापासून जवळच कोरली गेली. दान देणारे व्यापारी याच वाटेने ये-जा करत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावे आहेत आणि सोपाऱ्याच्या एका भिक्षूचेही.

त्यानंतर कित्येक शतके हा घाट लमाणांच्या तांड्यांचा होता. मीठ वर जाई, धान्य खाली उतरे, तेही बैलांच्या पाठीवर. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज याच वाटेने चढली. जेमतेम चार हजार शिपाई आणि सामान वाहायला सुमारे १९ हजार बैल! पनवेलहून माथा गाठायलाच जवळजवळ महिना लागला. तेवढ्यात मराठे सज्ज झाले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले.

१८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाटातला गाडीरस्ता खुला केला. कौतुक नेहमी रेल्वेचे होते, पण खरा पालट इथे झाला. देशावरचा कापूस बैलगाडीत भरून थेट पनवेल बंदराला जाऊ लागला. तिथून पुढे मुंबईपर्यंत गलबत.

रेल्वे आली तीही आधी तुकड्यांत. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र पालखी, तट्टू किंवा गाडीनेच चढावा लागे. तो जोडताना २५ बोगदे खोदले गेले. पटकी, ताप आणि सुरुंगांच्या अपघातांत असंख्य मजूर मेले. त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्याच वारले, तेव्हा काम पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवले. इंग्रज इंजिनिअरांना वाट शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने दाखवली, असे घाटात सांगतात. त्याच शिंग्रोबाच्या देवळापाशी ट्रकवाले आजही नाणे टाकतात.

१८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि हा खोळंबा संपला. चढ मात्र ३७ फुटांना एक फूट असाच राहिला. म्हणून कर्जतला आजही गाडीमागे बँकर इंजिने लागतात. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याच्याही वाट्याला बोगदे आले आणि अवजड ट्रकांची तीच संथ चढण.